दगडाचं नाव

बारावीला मी एक कथा शिकवतो. तिच्या नायकाचं नाव दगडावरून ठेवलेलं आहे. हे नाव त्याच्या भावनाशून्यतेचं प्रतीक आहे, असं गाइडात छापलंय. कुंभार पिंपळगावची पोरं तेच घोकतात आणि मार्क घेतात. ज्यानं हे उत्तर लिहिलं, त्याच्या घरात पाळणे रिकामे झालेले नसणार.

आमच्या घरात दोन लेकरं गेली. म्हणून तिसऱ्याला, माझ्या थोरल्या भावाला, आईनं दगडाचं नाव दिलं. काळाला वाटावं, दगडच तर आहे, कशाला उचलायचा? अशा लेकराला लाडानं हाकही मारायची नाही, ही आमच्याकडची रीत.

तो भाऊ गेल्या वर्षी जालन्याच्या एमआयडीसीत तापल्या सळईनं भाजून गेला. माती देऊन आलो आणि मी आईवरच भडकलो, "काय उपयोग झाला तुझ्या त्या नावाचा?"

आई भिंतीकडं बघत म्हणाली, "नावाचा दोष न्हाई, बाबा. तो पाळण्यात होता, तवा एकदा मी त्याला राजा म्हणल्ते. घरात कुणी नव्हतं, म्हणून हळूच म्हणल्ते. तेवढंच ऐकलं काळानं."