कर्वेनगरचा हापूस

हापूस देवगडला होतो, रत्नागिरीला होतो आणि कर्वेनगरात आमच्या मागच्या दाराशी, धुण्याच्या दगडाशेजारी होतो, असं मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आलो आहे. सुरुवातीची काही वर्षं ते मला खरं वाटत होतं म्हणून, आणि पुढची पाच वर्षं ते खोटं आहे हे पक्कं माहीत असूनही. दोन्ही वेळी माझा आवाज सारखाच ठाम होता. मी इंजिनिअरिंग कॉलेजात थर्मोडायनॅमिक्स शिकवतो. स्वतःला नीट न कळलेली गोष्ट ठामपणे सांगायची मला सवय आहे.

आई गेली तेव्हा मी नोकरीसाठी नाशिकला होतो. ती गेल्यावर बाबा एकटे कसे राहणार म्हणून मी पुण्यात दुसरी नोकरी शोधली आणि बायकोसह त्यांच्या बंगल्यात राहायला आलो. बंगला म्हणजे नावाला बंगला. दोन खोल्या खाली, दोन वर, पुढे तुळस आणि मागे थोडी मोकळी जमीन. त्याच वर्षी मी गाडी घेतली. गाडी आत लावायची तर मागच्या जमिनीशिवाय जागा नव्हती, आणि तिथे बरोबर मधोमध कमरेएवढं आंब्याचं झाड उभं होतं. मी गल्लीतल्या माळ्याकडून कोयता मागून आणला. बाबा मागच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. पेपर खाली न करता ते म्हणाले, "ते काढू नकोस. हापूस आहे. तुझ्या आईनं कोय लावलीय."

मी कोयता परत देऊन आलो. आईचं नाव ऐकून की हापूसचं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. गाडी तेव्हापासून रस्त्यावर आहे आणि तिचा मूळ रंग कोणता होता हे आता आरसी बुकात पाहावं लागतं.

मग मला त्या झाडाचा अभिमानच चढला. शेणखत काय, निंबोळी पेंड काय, उन्हाळ्यात बुंध्याभोवती पालापाचोळा काय. घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी मागच्या दारी नेऊन मी झाड दाखवायचो आणि कोणी जात विचारली नसताना जात सांगायचो. आई गेल्यावर सहाव्या वर्षी पहिला मोहोर आला. तुडतुडे लागू नयेत म्हणून मी माळ्याला फवारणीला बोलावलं. तो म्हणाला, "कोयीचा हापूस होत नसतो साहेब. कलम लागतं. कोयीतून काय येईल ते त्या झाडालाच ठाऊक."

मी त्याला सांगितलं की तुम्ही फवारणीकडे लक्ष द्या.

मे महिन्यात एक आंबा आपसूक पिकून पडला. मी तो कोणाला न दाखवता उचलला आणि स्वयंपाकघरात बेसिनसमोर उभं राहून चोखला. माझा एक डोळा आपोआप मिटला. दातांत रेषा अशा अडकल्या की दुपारचं लेक्चर मी जवळजवळ फळ्याकडे तोंड करूनच घेतलं. तो हापूस नव्हता. त्याला सभ्य शब्दांत रायवळ म्हणता आलं असतं, पण रायवळ कधीतरी गोड तरी निघतो.

तेव्हाच मी ठरवलं की हे बाबांना कळू द्यायचं नाही. बाबा फारसं बोलणारे नव्हेत, आईबद्दल तर नाहीच. पण रोज सकाळी तांब्यातलं उरलेलं पाणी ते त्या झाडाच्या बुंध्याशी ओतायचे आणि मिनिटभर तिथेच उभे राहायचे. आईच्या शेवटच्या दोन वर्षांत मी नाशिकहून फार तर चारदा आलो असेन. दर वेळी परीक्षा, दर वेळी पेपर. आता निदान तिचा हापूस बाबांसाठी हापूसच राहील एवढं तरी आपण सांभाळू, असं मला अगदी मनापासून वाटलं. थोडक्यात, एकही आंबा झाडावर पिकता कामा नये. सगळे कैरी असतानाच उतरवायचे.

पण उतरवलेल्या कैऱ्यांचं करायचं काय? मी आशेनं बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी मुळीच करणार नाही. लबाडी तुमची, लोणचंही तुमचंच."

पहिल्या वर्षी मी साखरांबा केला. पाक एकतारी हवा, असं सगळे सांगतात. एकतारी म्हणजे किती अंश, हे कोणी सांगत नाही. मी कॉलेजच्या लॅबमधून थर्मामीटर आणला. तापमान वहीत लिहीत गेलो, आलेख काढला, आणि आलेख इतका सुंदर आला की तो पाहण्याच्या नादात पाक दहा मिनिटं जास्त उकळला. गार झाल्यावर साखरांब्यात चमचा उभा राहिला. तो अजून उभा आहे. बरणीसकट पोटमाळ्यावर आहे.

दुसऱ्या वर्षी लोणचं घातलं. बरणी धुतली, पुसली आणि उन्हात ठेवायचं विसरलो. श्रावणात झाकण उघडलं तर वर पांढरी, मऊ साय. त्याआधीच मी मोठेपणानं एक बरणी शेजारच्या काकूंना देऊन आलो होतो आणि वर चिठ्ठी डकवली होती, 'हापूसच्या कैरीचं लोणचं'. आठ दिवसांनी ती बरणी आमच्या फाटकाच्या खांबावर ठेवलेली सापडली. माझ्या चिठ्ठीखाली काकूंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'बरणी परत करत आहे. आतलंही आपलंच आहे.'

हळूहळू मात्र जमायला लागलं. माझं वर्षच त्या झाडाला बांधलं गेलं. पौषात मोहोराकडे बघत चिंता करायची. फाल्गुनात वाऱ्यानं गळलेल्या बाळकैऱ्या वेचून कांदा घालून तक्कू करायचा. चैत्रात पन्हं, वैशाखात गच्चीवर जुन्या साडीवर फोडी पसरून कावळ्यांशी भांडणं, आणि मग सबंध पावसाळा रोज एकेका बरणीचं झाकण उघडून नाकानं तपासणी. एकदा स्टाफरूममध्ये मी मेथांब्यात गूळ कधी घालावा यावर इतका वेळ बोललो की विभागप्रमुखांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं आणि एखादी रजा घ्यायला सुचवलं.

बाबा सगळं खायचे. पोळीशी मेथांबा, भाताशी लोणचं, तक्रार नाही. फक्त लोणचं जिभेवर ठेवल्यावर दर वर्षी एकच वाक्य, "काहीतरी कमी आहे." मी मीठ वाढवलं. पुढच्या वर्षी हिंग वाढवला. त्याच्या पुढच्या वर्षी बाजारचा लोणच्याचा मसाला बदलला आणि तेल घाण्याचं आणलं. बाबांचं वाक्य तेच राहिलं. काय कमी आहे हे त्यांनी सांगितलं नाही आणि त्यांना ते माहीत असेल असं माझ्याही डोक्यात आलं नाही.

खरा कस लागायचा मे महिन्यात. बाबा पेपरची घडी घालत विचारायचे, "काय रे, हापूस कधी उतरवतोस?" आणि मला कारण द्यावं लागायचं. पहिल्या वर्षी वळवाच्या पावसात सगळे आंबे पडले. दुसऱ्या वर्षी वटवाघळं आली. बाबा म्हणाले, "कर्वेनगरात?" मी म्हणालो, "हो, नदीकडून येतात." तिसऱ्या वर्षी भिंतीवरून कोणीतरी झाड लुटून नेलं. त्यावर ते म्हणाले, "वरच्या फांदीचेसुद्धा? उंच असावा चोर." चौथ्या वर्षी मी शास्त्राचा आधार घेतला. कोवळ्या झाडावर फळ पिकू दिलं तर झाडाला ताण येतो, असं नवं संशोधन आहे, असं मी सांगितलं. ते संशोधन मी आदल्या रात्री अंथरुणात पडल्यापडल्या केलं होतं. पाचव्या वर्षी काय सांगितलं ते मला आठवत नाही. इतकी वर्षं खोटं बोलल्यावर माणूस थोडा निष्काळजी होतो.

एवढं होऊन बाबांना संशय येत नाही, याचं मला नवल वाटायला हवं होतं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे आणि समोरच्या बंगल्यातल्या दोरीवर कोणाची बनियन फाटकी आहे हे ते खुर्चीतून सांगतात. पण झाडावरच्या कैऱ्या हापूसच्या आकाराच्या नाहीत हे त्यांना दिसत नसेल, असं मी खुशाल धरून चाललो होतो. आपण बापाच्या डोळ्यांत धूळ फेकतोय या समाधानात मी पाच उन्हाळे काढले.

या मे महिन्यात पेपर तपासणीसाठी मला आठ दिवस कोल्हापूरला जावं लागलं. निघताना बायकोला सांगितलं की पाड लागायच्या आत कैऱ्या उतरवून घे. ती "बघते" म्हणाली. आमच्या घरात 'बघते' म्हणजे काय होतं हे मला माहीत असायला हवं होतं.

परत आलो ती दुपार होती. बॅग खांद्याला तशीच ठेवून मी बाजूच्या बोळातून थेट मागे गेलो. बाबा धुण्याच्या दगडावर बसले होते, लेंगा-बनियनमध्ये. रस कोपरापर्यंत ओघळला होता. हातात आंबा, आणि शेजारी चार कोयी ओळीनं मांडून ठेवलेल्या.

मी उभ्याउभ्या सुरू केलं, "बाबा, या वर्षी उष्णता फार होती ना, त्यामुळे हापूसची चव जरा..."

"बस," ते म्हणाले. "उष्णता राहू दे."

मी बॅग खाली ठेवून पायरीवर बसलो. त्यांनी हातातला आंबा शांतपणे संपवला आणि पाचवी कोय ओळीत ठेवली.

"बाबा, हा हापूस नाही," मी म्हणालो. पाच वर्षं घशात अडकलेलं वाक्य इतकं छोटं असेल असं वाटलं नव्हतं.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"लावला तेव्हापासून." त्यांनी बनियनलाच हात पुसले. "तुझी आई दर वर्षी मार्केट यार्डात जायची, लोणच्याच्या कैरीला. दुसरीकडची कैरी तिला चालायची नाही. रिक्षात गोणी घालून आणायची. तू नाशिकला होतास, तुला काय माहीत असणार. एका वर्षी एक कैरी टोपलीतच राहून पिकली. तिची ही कोय. म्हणाली, आता गुडघे चालत नाहीत, लोणच्याची कैरी दारातच असलेली बरी."

"मग दर वर्षी मला विचारायचात कशाला, हापूस कधी उतरवतोस म्हणून?"

"या वर्षी काय कारण काढतोस ते बघायला. वटवाघळं चांगली होती."

स्वयंपाकघराच्या खिडकीत भांड्यांचा आवाज थांबला होता. बायको ऐकत होती हे उघड होतं, आणि तिला हे सगळं आजच कळत नव्हतं हेही. घरात फसवला गेलेला एकच माणूस होता आणि तो पायरीवर बसला होता.

मला हसू आलं आणि त्याच्यापाठोपाठ काहीतरी फार जड आलं. पाच वर्षं मी ज्या बरण्या लपवाछपवीसाठी भरल्या होत्या, त्या आईला हव्या होत्या त्याच बरण्या होत्या. ती कोय पुरून गेली आणि मला पत्ताही नसताना मी तिचं काम करत होतो, थर्मामीटर लावून, साय येऊ देऊन, शेजाऱ्यांकडून परत घेऊन. तिच्या हाताखाली हे एकदा तरी शिकता आलं असतं तर, असं वाटून मला रडूच आलं. नुकताच उन्हातून आलो होतो, त्यामुळे डोळे लाल व्हायला कारण होतं. पण कारणांवर आता बाबांचा विश्वास बसणार नव्हता.

"तरी तुम्ही मला हापूस का सांगितलंत?" मी विचारलं.

"तुझ्या हातात कोयता होता."

रस्त्यावर माझी गाडी उभी होती तिकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"लोणच्याचा आंबा आहे म्हणालो असतो," ते म्हणाले, "तुझ्या आईनं लावलाय हेही सांगितलं असतं, तरी ठेवला असतास?"

खोटं बोलण्याचा मला पाच वर्षांचा सराव होता. 'अर्थात ठेवला असता' हे वाक्य तोंडात तयारही होतं. मी झाडाकडे पाहिलं. शेंड्याला अजून बऱ्याच कैऱ्या हिरव्या होत्या.

"नसता ठेवला," मी म्हणालो.

बाबांनी मान हलवली. रागावलेले दिसले नाहीत. दगडाला धरून ते उठले आणि कोयी एकेक करून उचलल्या.

"वरच्या कैऱ्या उद्या उतरव," ते म्हणाले. "आणि बाजारचा मसाला घालू नकोस. तुझी आई मोहरी फेसून घालायची."