तारापूर रस्त्यावरचा फळा

असले किस्से सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलोय. तारापूरच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं मेंटेनन्समध्ये आहे. पंप बंद पडला तर दोष पंपात असतो, हवेत नसतो, एवढीच माझी श्रद्धा. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही मला हसलात तरी चालेल. नाव तेवढं बदललंय, बाकी जसं घडलं तसं.

बोईसर स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून तारापूर रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमचं दुकान होतं. पेपर, वह्या, पेनं, झेरॉक्स. शेजारी शिंपीकाका, पलीकडे सोडावाला, मग रेडिओ दुरुस्ती. रस्ता रुंद झाला आणि ती अख्खी ओळ गेली. आता आमच्या गल्ल्याच्या जागेवरून कंपन्यांच्या बसेस धावतात. हल्ली जुन्या बोईसरच्या आठवणी काढायला एक ग्रुप निघालाय, तिथे लोक फार हळहळतात. पाडकाम चालू होतं त्या दिवशी यातला एकही माणूस तिथे फिरकला नव्हता.

दुकानाबाहेर बाबांचा फळा असायचा. पत्र्याचा, काळा रंग दिलेला. सकाळी पेपरचे गठ्ठे सोडून झाले की बाबा खडूने त्यावर गावाची खबर लिहायचे. लाइट कधी जाणार, पाणी कधी येणार, दहावीचा निकाल, कोणाची म्हैस हरवली. आणि कोणी गेलं की उजव्या कोपऱ्यात पांढरी चौकट. आत नाव, अंत्ययात्रेची वेळ गोल करून, आणि खाली ‘पश्चात’ म्हणून मागे राहिलेल्या सगळ्यांची नावं. खबर घेऊन आलेल्याला बाबा हमखास विचारायचे, “कोणी राहिलं नाही ना?” रुसलेला भाऊ, घर सोडून गेलेला मुलगा, सगळे त्या चौकटीत यायचे. भांडण आपल्या घरात ठेवा, फळ्यावर आणू नका, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तो स्वतःच्याच घरासाठी. माझी मोठी बहीण वंदनाताई. तिने सालवडला राहणाऱ्या एका बिहारी वेल्डरशी लग्न केलं आणि बाबांनी तिला दार बंद केलं. दोन वर्षांनी आई गेली, तेव्हा चौकटीत लिहिलं होतं – पती आणि एक मुलगा. ताई धावत आली होती. तिने फळा वाचला आणि तिथूनच परत गेली. आमच्या घरापासून सालवड रिक्षाने पंधरा मिनिटं... पण त्यानंतर बारा वर्षं ना आम्ही गेलो, ना ती आली.

दुकान पडलं तेव्हा फळा मीच भंगारात दिला. बाबांना सांगितलं, माळ्यावर ठेवलाय. त्यांनी कधी माळ्यावर बघितलं नाही.

मग गेल्या वर्षी बाबा अंथरुणाला खिळले ते आठ महिने. शेवटच्या आठवड्यात त्यांचं एकच चालायचं, “वंदनाला कळव.” मी हो म्हणायचो आणि कळवायचो नाही. नंबर होता माझ्याकडे. इथे मला कोणी ओळखत नाही म्हणून खरं सांगतो – मला राग होता. हागणं-मुतणं मी काढायचं, कड बदलायची मी, रजा टाकायच्या मी, आणि शेवटी गळा काढायला हिने यायचं? बाबा दाराकडे बघत असायचे आणि मी उठून दार लोटून घ्यायचो.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी सहाला ते गेले. मी मोबाइलवर मेसेज टाईप केला. पश्चात एक मुलगा, सून, नात. अंत्ययात्रा अकरा वाजता. सोसायटीच्या आणि माहीमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. दुसरीकडे कुठेही नाही. दहा-पंधरा माणसं येतील असा माझा अंदाज होता.

साडेनऊला शिंपीकाका आले, काठी टेकत. काकांकडे साधा फोन, ते कुठल्याच ग्रुपवर नाहीत. मला वाटलं सोसायटीतल्या कोणीतरी सांगितलं असेल. मग सोडावाला आला. मग कंपनीतून रिटायर झालेले दोघे, जे रोज आमच्या दुकानात उभं राहून फुकट पेपर वाचायचे. मग नवापूरची मासळीवाली काकू, टोपली डोक्यावर तशीच. जिना भरला. मी काकूला विचारलं, तुला कोणी सांगितलं?

“तुज्या बापाची चौकट हाय ना फळ्यावर,” ती म्हणाली. “मला वाचाया नाय येत, पण चौकट वळखते मी. बाजूला उभा होता त्यानं वाचून दाखवलं.”

मी म्हटलं, कुठला फळा? तर म्हणे, जुन्याच जागेवर. शिंपीकाकांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं, आणि वर मलाच म्हणाले की वेळ गोल करायला विसरला नाहीस ते बरं केलंस. म्हाताऱ्यांच्या डोक्यात जुनं-नवं एक झालंय, अशी मी मनाची समजूत घातली.

दहा वाजता ताई आली. मागे तिचा नवरा, कंपनीच्या गणवेशातच. केस पांढरे झाले होते तिचे. माझ्याकडे न बघता ती बाबांजवळ गेली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवून बसली. तिच्या नवऱ्याला मी जिन्यात गाठलं. तो तिसरी पाळी संपवून भाजी घ्यायला बाजारात गेला होता.

“रोड पे बोर्ड लगा था,” तो म्हणाला. “पप्पाजी का नाम पढ़ा। नीचे वंदना का नाम था, सबसे पहले। मेरा भी था।”

मी तसाच चपला घालून निघालो. घरात प्रेत, बाहेर माणसं, आणि मुलगा रस्त्यावर. बायको काय म्हणाली असेल ते तुम्हीच समजा. जागेवर गेलो. दुकान होतं तिथे डांबर, फळा टांगायचो तिथे दुभाजक. एक बस हॉर्न वाजवत अंगाला घासून गेली. पलीकडच्या मोबाइलवाल्याला विचारलं, इथे सकाळी कोणी काही लावलं होतं का? तो म्हणाला, मी आठला शटर उघडलं, इथे काही नव्हतं.

नंतर मी एकेकाला खोदून विचारलं. ताईचा नवरा सोडून सहा माणसं, वेगवेगळ्या वेळी तिथून गेलेली. सगळ्यांनी एकच जागा दाखवली. एकानेही फोटो काढला नव्हता. फळ्याचा कशाला फोटो काढायचा, असं मलाच विचारलं. बायकोने काही लिहिलं नव्हतं, मी लिहिलं नव्हतं, आणि ताईच्या नवऱ्याचं नाव त्या सहांपैकी एकालाही आधी ठाऊक नव्हतं. त्या सहाजणांना तर ते फळ्यावरूनच कळलं होतं. डोकं फुटायची वेळ आली, पण दोष कुठे आहे ते मला आजही सापडलेलं नाही.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर ताई स्वयंपाकघरात माझ्याशेजारी येऊन बसली. बारा वर्षांत पहिल्यांदा तिने माझा हात धरला.

“आईच्या वेळी बाबांनी नाही लिहिलं माझं नाव,” ती म्हणाली. “तू लिहिलंस. ह्यांचंसुद्धा लिहिलंस. तुझ्याबद्दल मी काय काय मनात धरून बसले होते रे...”

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मान खाली घातली, आणि तिला वाटलं मला भरून आलं.

आता ती सणावाराला येते. भाऊबीजेला ओवाळते, भाचा माझ्या पाया पडतो. तो फळा कोणी लिहिला ते मला माहीत नाही. मी लिहिला नाही, एवढं नक्की माहीत आहे, आणि ते आजवर तुमच्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.