देवाजीने बिघडवलेली गाडी

सक्करदऱ्याच्या तलावाजवळ देवाजी मेश्रामचं मोटारसायकलींचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर दोन पत्रे, खाली एक लाकडी पेटी आणि शिवणकाम करणाऱ्या बायकोकडून, गोपिकाकडून, मागून आणलेली मोजपट्टी. ती पट्टी परत गेली नाही; गोपिकाने शेवटी दुसरी घेतली. इंजिनाचं काम सगळेच करत. देवाजीचं नाव होतं ते शॉकअपसाठी. गाडी खड्ड्यात कशी बसते आणि बसून कशी उठते, हे आपल्याइतकं शहरात कोणाला कळत नाही, असं तो स्वतःच सांगे. पंचाईत अशी की ते खरं होतं.

एकोणऐंशी साली अनंत त्याच्याकडे आला. हिंगण्याच्या कारखान्यात लेथवर काम करणारा, सव्वीस वर्षांचा गडी. दर फेब्रुवारीत शहराबाहेरच्या मुरमाड मैदानावर मोटारसायकलींची शर्यत होई. आदल्या वर्षी तिथल्या उंचवट्यावरून अनंत उडून पडला आणि खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडून दोन महिने घरी बसला. त्याने आपल्याच अकलेने स्प्रिंगांखाली वायसर, म्हणजे लोखंडी चकत्या, घालून गाडी दगडासारखी कडक केली होती. शर्यतीची गाडी कडकच हवी, हा गावभरचा समज. देवाजी म्हणे, कडक गाडी जमिनीला धरत नाही, टणाटण उडते. आणि हवेत चाक कितीही फिरलं तरी पुढे जात नाही.

त्याने अनंतला आधी घरी पाठवलं, जेवून यायला. शर्यत जेवणानंतर, मग वजन उपाशीपोटी कसं धरायचं? अनंत जेवून, बूट-हेल्मेट चढवून आला. देवाजीने त्याला गाडीवर बसवून चाकाच्या नटापासून सीटपर्यंत पट्टी लावली, उतरवून पुन्हा लावली; त्याच्या वजनाने गाडी किती दबते ते मोजलं. वायसर काढून फेकले. पुढच्या फोर्कमधलं पातळ ऑइल काढून जाड भरलं. मग फोर्कच्या नळीला दोरा बांधून त्याला तलावाकाठच्या कच्च्या रस्त्यावर पिटाळलं. फोर्क दबे तसा दोरा वर सरके. तो पार टोकाला गेला तर ऑइल कमी, फार खालीच राहिला तर जास्त. टोकाच्या अंगठाभर अलीकडे थांबला की देवाजीचं समाधान. या साऱ्याला चार रविवार लागले.

मधल्याच एका दुपारी अनंतची आई तुळसाबाई दुकानात आली. नवऱ्यामागे इतवारीच्या बाजारात धान्य निवडून तिने हा एकुलता एक पोरगा वाढवला होता. ती बसली नाही, पाणीही घेतलं नाही.

"देवाजीभाऊ, पोरगं माझं ऐकत नाही," ती म्हणाली. "तुमीच त्याची गाडी बिघडवून ठेवा. पळालीच नाही पायजे."

देवाजी पाना पुसत राहिला. त्या माउलीला नाही म्हणवेना, आणि हो म्हणणं त्याच्या हाताला मंजूर नव्हतं. हाताखालची गाडी मुद्दाम बिघडवायची म्हणजे रांधलेल्या अन्नात माती कालवायची. शिवाय बिघडलेली गाडीच माणसाला फेकते, हे तिला कोण समजावणार? तो गप्प राहिला आणि ती तोच होकार समजून निघून गेली.

शर्यतीच्या दिवशी तो उंचवट्यापाशीच उभा होता. अनंतची गाडी वरून उतरे, एकदाच दबे आणि गप होई. देवाजीचा ऊर भरून आला. पण दर फेरीला उंचवट्याच्या अलीकडे इंजिनाचा आवाज खाली येई. चौदा गाड्यांत अनंत नववा आला आणि धडधाकट घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तुळसाबाई डबाभर कोथिंबिरीच्या सांबारवड्या घेऊन हजर. तुमी माझं ऐकलं, असं तिने चार गिऱ्हाइकांदेखत सांगितलं. देवाजीने डबा ठेवून घेतला. संध्याकाळी अनंत तणतणत आला.

"काका, खरं सांगा. माझी गाडी काहून बिघडवली?"

"नाही गा. गाडी चोख होती. तूच उंचवट्यापाशी ॲक्सिलेटरवरचा हात ढिला करून राहिला होता."

अनंत पेटीवर बसला. मग हळूच म्हणाला, "मले भेव लागत होतं. आईले नका सांगू. कोणालेच नका सांगू."

देवाजी बरं म्हणाला, आणि ते त्याला भोवलं. देवाजीभाऊनं गाडी बिघडवली म्हणून माझं पोरगं वाचलं, असं तुळसाबाई इतवारीपासून सक्करदऱ्यापर्यंत सांगत सुटली. तिच्या लेखी ही स्तुती होती. शर्यतवाल्यांनी मात्र पुढच्या वर्षी त्याच्या दुकानाकडे ढुंकून पाहिलं नाही. गोपिका म्हणाली, खरं काय ते सांगून टाका. पण शब्द दिला म्हणजे दिला. त्याला फार वाईट वाटे, ते तो फक्त तिच्यापाशी बोले.

एक्याऐंशीच्या जानेवारीत एका दुपारी तुळसाबाई आणि तिची शेजारीण प्रेमिला, दोघी घामाघूम होऊन एक मोटारसायकल ढकलत आल्या. प्रेमिलाचा मुलगा शर्यतीत उतरणार होता. तो कंपनीच्या बसने ड्युटीवर गेला होता. तो परतायच्या आत गाडी बिघडवून हवी होती. देवाजीने गाडीकडे पाहिलं. स्प्रिंगांखाली वायसर कोंबलेले होते. पोरगा केवढा आहे, असं त्याने विचारलं, तर प्रेमिलाने तुळसाबाईकडे बोट दाखवलं: अंगाने हिच्यासारखाच भरलेला. मग देवाजीने वायसर काढले, तुळसाबाईलाच गाडीवर बसवलं आणि पट्टी लावली. गाडी अशीच बिघडवतात, असं समजून ती पदर खोचून ताठ बसून राहिली.

मुलाची गाडी एकदम वळणावर आली, ते तो आपल्या सरावाचं फळ समजला. त्या वर्षी तो पहिला आला.

प्रेमिलाने देवाजीशी बोलणं टाकलं. तुळसाबाई मात्र विचारायला आली, की भाऊ, हे असं कसं झालं?

"चुकलं, ताई," देवाजी म्हणाला. "या खेपेले नाही जमलं मले."

ती हळहळत गेली. तिने ते साऱ्या बाजारात सांगितलं, की देवाजीभाऊचा गाडी बिघडवायचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. देवाजीला हे कळलं, तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदाच तो पोटभर हसला.