काहिलीतला कडबा

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी दिवसातून एकदाच चूल पेटायची. हे सांगायला मला लाज वाटत नाही. पाऊस दोन वर्षं हुकलेला. गव्हाण रिकामी, बैलांच्या बरगड्या लांबून दिसायच्या. थोरला भाऊ फौजेत बोटींच्या कंपनीत होता. लढाई संपली तसा तो ब्रह्मदेशातून आला, पण डावा पाय मांडीपासून तिकडंच ठेवून. आल्यापासून सोप्यात भिंतीला टेकून बसायचा आणि विचारलं तर तेवढंच बोलायचा.

मी मॅट्रिक झालो होतो. सांगलीच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं होतं. वडिलांनी ते एका दमात मोडलं. "थोरला असा आला. आता नांगर तू धर." दादाने ऐकलं. मान वर केली नाही.

तलावाच्या पलीकडच्या गावात मामा राहायचा. त्याचा निरोप आला, कडबा देतो, घेऊन जा. पण तलावाला वळसा घालून गाडी ओढायची ताकद बैलांत नव्हती. तेव्हा दादा आपणहून बोलला, "काहिलीनं जाऊ."

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, चार माणसं ऐसपैस बसतील एवढी. आमच्याकडं ती नावेसारखी पाण्यात घालतात. गुऱ्हाळवाल्याकडे एक जुनी, बूड जळून ठिगळ मारलेली काहील पडून होती, ती मागून आणली. तलावाचं पाणी गावापर्यंत आणणारा पाट होता, त्यात सोडली आणि दोघे बसलो. घटकाभरात पाण्यावरचा कडेचा पत्रा तापला. ओली पोती कडेला टाकली तरी पोळायचं राहीना. पाटावर धुणं धुणाऱ्या बाया हसल्या. एक म्हणाली, "आवं, वरनं जरा रस वता की! दोघांचा बी गूळ हुईल." मी हसलो. दादा हसला नाही.

तलाव निम्म्यावर आला होता. काठाच्या चिखलाला भेगा, पाण्यातून बाभळींचे वाळके शेंडे वर आलेले. एक पाखरूसुद्धा नव्हतं. काहिलीला पुढं-मागं नसतं. दोघांनी समोरासमोर बसून फळीने सारखे हात मारले तरच ती सरळ जाते. मी जोर करायचो आणि ती जागच्या जागी गिरकी घ्यायची.

"हौले, हौले," दादा फौजेतल्या हिंदीत म्हणाला. "जोर नगं. माझ्या हाताकडं बग."

पलीकडं पोचलो. मामाने काहिलीत कडब्याच्या पेंढ्या रचायला घेतल्या त्या थांबेचना.

"मामा, लय झाल्या आता," दादा म्हणाला.

"गप रं. भैनीचं बैल उपाशी आन् मी मोजून देऊ व्हय?" म्हणत त्याने आणखी एक थर चढवला. मामाच्या दारात नको म्हणणं आमच्यात बसत नाही. दादाने फळी हातात घेतली.

माघारी येताना मध्यावर वारं सुटलं. ढिगाने वारा धरला, काहील एका अंगाला कलली आणि ठिगळापाशी पाणी पाझरायला लागलं.

"पेंढ्या सोड."

माझा हात होईना. "दादा, बैल मरत्याल."

"सोड म्हनतो न्हवं! कडबा पवंल, तुला कुठं येतंय?"

मी वरच्या निम्म्या सोडल्या. पिवळ्या पेंढ्या पाण्यावर पसरून लांब जात होत्या. मला त्यांच्याबरोबर कॉलेजही लांब जाताना दिसत होतं, आणि रडू येत होतं. "फळी धर," दादा ओरडला. "रडनं काठावर."

काठावर वडील उभे होते. निम्मा कडबा बघून म्हणाले, "ह्यात दोन बैल पावसापतुर कसं काढू?"

"एक निघंल," दादा म्हणाला.

पलीकडे लेकीच्या गावाला निघालेला एक म्हातारा तिथंच टेकला होता. आम्ही वाऱ्यातून आलेलो त्याने बघितलं होतं. "अरं फौजी, उद्या मला पलीकडं सोडतूस का? वळशानं चालवत न्हाई."

दादाने वडिलांकडं बघितलं. "सोडतो. बसून करायचं काम हाय."

आषाढाआधी एक बैल गेला. उरलेला शेजाऱ्याच्या बैलाबरोबर जुंपायचा आणि दोन्ही घरांची रानं मिळून नांगरायची, असं ठरलं. शेजाऱ्याची पोरं हाताखाली होती, मग नांगरामागं माझी गरज उरली नाही. मी कॉलेजात नाव घातलं. दादा रोज काहिलीत. समोरची फळी उतारूच्या हातात द्यायचा आणि त्यालाही "हौले" म्हणायचा. कुणी ज्वारी द्यायचं, कुणी हरभरा. ते धान्य पोत्यात भरून मी सांगलीला न्यायचो, त्यावर शिकायचो.

दादा बोलका झाला असं कुणी समजू नये. बोलायचा ते पाण्यावर. घरी आला की परत ती भिंत. रात्री नसलेला पाय दुखायचा, आणि आई उशाशी बसून राहायची.

मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला.