बागेतली म्हैस

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की मळीचा आंबूस वास आजही मला पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या बावड्याच्या शाळेत, मी शिकवायचे त्या चौथीच्या वर्गात नेऊन कोंडतो. वास नको म्हणून खिडक्या लावलेल्या. शाळेची तपासणी तोंडावर आलेली. मुख्याध्यापकांनी दिलेला 'माझे घर' हा निबंध मी फळ्यावर उतरवला होता: 'घरापुढे सुंदर बाग आहे.'

"बाई, आमच्या दारात बाग न्हाय की! म्हस हाय. तिचं लिवू?" मंगलनं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत दारातून मुख्याध्यापक ओरडले, "फळ्यावरचंच लिहायचं!"

मी फळ्यावरच्या 'बाग' या शब्दाखाली खडूनं रेघ ओढली.

संध्याकाळी वह्या तपासल्या. सगळ्यांच्या घरापुढे तीच बाग. मंगलच्या बागेत मात्र म्हैस बांधलेली होती आणि तिनं सगळी फुलं खाल्ली होती.

पोरगी त्या बागेतून सुटली. मी मात्र निवृत्त होईपर्यंत तोच निबंध फळ्यावर उतरवत त्याच बागेत होते.