शबानाआपा, फ्रेंच उमराव आणि दौलताबादचा माथा

शबानाआपांनी गारखेड्यातला तिसऱ्या मजल्यावरचा, बिनलिफ्टचा फ्लॅट विकायला काढलाय हे कळलं, त्याच संध्याकाळी आमचं दौलताबाद ठरलं. हैदराबादची लेक म्हणत होती, एकटीनं राहू नका, इकडंच या. आपा तयारही झाल्या होत्या. अट एकच.
"जायच्या आधी वरपर्यंत चढणार. आधे में से वापसी नक्को."

आम्ही दोघी मुकुंदवाडीच्या एका शाळेत शिकवायचो. मी गणित, त्या इतिहास. अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच उमरावावर त्यांचा भारी जीव. तो फौज घेऊन दख्खनमध्ये आला, निजामाचा उजवा हात झाला आणि आपल्या शहरात ऐटीत राहिला. आतल्या किल्लेदाराशी संधान बांधून त्यानं दौलताबाद मिळवला, हा भाग त्या इतका रंगवायच्या की शेजारच्या वर्गातली माझी पोरं गणित सोडून ऐकत बसायची. पण आपा स्वतः कधी माथ्यावर गेल्या नव्हत्या.

जायचं असेल तर मध्यवर्ती स्थानकावरून वेरूळची एसटी धरा, किल्ल्याच्या दारात उतरवते. उन्हाच्या आत निघा. पाणी आणि विजेरी हवीच. खाऊ पिशवीत दडवा, माकडं लई धीट आहेत.

चांदमिनारापर्यंत गप्पा, मेंढा तोफेपर्यंत धाप. खंदकावरचा पूल ओलांडून आम्ही 'अंधारी'त शिरलो. कातळातला काळोखा बोगदा, उंचसखल पायऱ्या, वटवाघळांचा उग्र वास. तिथंच आपांचा पाय घसरला आणि गुडघा दगडावर आपटला.
"आपा, बास झालं. फिरू मागं."
"सुनंदा, विजेरी पायरीवर धर. माझ्या तोंडावर नको."

बाहेर उजेडात वैजापूरकडची एक धनगर बाई लेकरांना पाणी पाजत बसली होती. तिनं न विचारता आपांचीच ओढणी घेऊन गुडघा करकचून बांधला.
"लई सुजलंय, मावशी. खाली जावा."
"व्हय, जाते. वरून आल्यावर."
बाई हसली आणि पुढचा उंच टप्पा तिनं आपांना हाताला धरून चढवला.

वर बारादरी महालात भन्नाट वारा होता. खाली सगळा मुलूख पसरलेला. आपा कठड्याला टेकून बसल्या. मग बोलल्या, "किल्ला त्या उमरावाच्या हातात आला आणि लगेच वरिष्ठाचा हुकूम आला. सगळं सोडून दक्षिणेत ये. त्याला पटलं नव्हतं, तरी गेला. तिकडं लढाईत कैद झाला. म्हातारपणी, आजारी, परत हिंदुस्थानात आला, पण इथवर नाय पोचला."
"शिपाईच तो. हुकूम मानणारच."
"हौ. तो शिपाई होता." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मला कुणाचा हुकूम आहे गं?"

तिथूनच त्यांनी लेकीला फोन लावला. "बेटा, ईदला येते. राहायला नाही." पलीकडून बराच आरडाओरडा झाला. आपांनी तो ऐकून घेतला. "रागाव. पण घर माझं इथंच."

उतरताना दुपार झाली. पायथ्याशी पिठलं-भाकरी खाल्ली, वर सीताफळं. इतकी गोड सीताफळं मी शहरात कधी खाल्ली नाहीत.

गुडघ्यानं आपांना आठवडाभर अंथरुणात ठेवलं. चिडलेली लेक धावत आली, दोन दिवस आईशी भांडली आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासोबत आईसाठी इथंच घरं बघायला निघाली. मला त्या सहलीतून काय उरलं विचाराल, तर वरून दिसलेलं शहर आठवतं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, जिना चढावा लागू नये म्हणून आपा आता माझ्या गल्लीत तळमजल्यावर राहतात.