आवक शिक्का

पश्चिम टेक्ससमधल्या त्या छोट्या गावाच्या पाणी मंडळात अहिल्या निमकरला सगळे ‘एली’ म्हणत. मॅनेजर डेल हचिन्सने पहिल्याच दिवशी, तिला न विचारता, ते नाव ठेवलं होतं. सांगलीच्या पाटबंधारे खात्यात सहा वर्षं काढलेली ही बाई कालव्याच्या काठाने नुसती चालत गेली तरी पाणी कुठे झिरपतंय ते सांगायची. डेलला ते कळत नसे. कळणाऱ्याचं काम आपल्या नावावर कसं करायचं, ते मात्र पक्कं कळे.

२००३ मध्ये कालवा नावावर करून घ्यायची बोलणी सुरू झाली. कालवा फेडरल सरकारचा. मंडळाने चाळीस लाख डॉलर एकरकमी भरले की तो मंडळाचा होणार. वॉशिंग्टनला मंडळाकडून मिळणारे पुढच्या वीस वर्षांचे हप्ते बुडणार, पण दुरुस्तीच्या खर्चातून त्याची कायमची सुटका. अहिल्याने रिपोर्ट लिहिला. शेवटच्या पानावर तिने म्हटलं, हायवेखालून पाणी पलीकडे नेणारा सायफन सत्तर वर्षांचा आहे, चार-पाच वर्षांत खचेल. नव्याला तीस लाख लागतील. आज तो खर्च सरकारचा, उद्या आपला. तेव्हा आधी किंमत कमी करून मागा.

रिपोर्ट देताना तिने स्वतःच्या प्रतीवर रिसेप्शनच्या बाईकडून तारखेचा शिक्का मारून घेतला. सांगलीची सवय. आवक शिक्क्याशिवाय तिथे कागद हातावेगळा करत नसत.

“एली, पोस्ट ऑफिस काढलंस का?” डेल हसला. दुसऱ्या दिवशी त्याने शेवटचं पान काढलं, आणि मुखपृष्ठावरचं तिचं नावही.

“या पानाने सौदा मोडेल,” तो म्हणाला. “आणि तुझे ग्रीन कार्डचे कागदही सहीसाठी माझ्याच टेबलावर आहेत, नाही का?”

घरी गिरीश म्हणाला, “अगं, सोडून दे यार. आपण व्हिसावर आहोत.”

“सोडत नाही. ठेवून देते,” ती नवऱ्याला म्हणाली. प्रत लग्नाच्या दाखल्याच्या प्लास्टिकमध्ये गेली.

२००५ मध्ये कालवा मंडळाच्या नावावर झाला. डेलचा फोटो पेपरात आला. ऑफिसात केक अहिल्याने कापला आणि सगळ्यात मोठा तुकडा डेलला दिला.

२००७ च्या मे महिन्यात तिचं ग्रीन कार्ड आलं. जुलैत सायफन खचला. पेकानच्या, म्हणजे अक्रोडासारख्या फळाच्या बागा ऐन उन्हाळ्यात सहा आठवडे कोरड्या राहिल्या.

सभा भरली. अध्यक्षा मिसेस ओर्तेगा, स्वतः बागायतदार. त्यांची निम्मी झाडं गेली होती. डेल म्हणाला, “याची कल्पना कुणालाच नव्हती.”

“डेल, जरा पुन्हा सांगता?” मागून अहिल्या म्हणाली. “मिनिट्समध्ये नीट यायला हवं.”

त्याने पुन्हा सांगितलं. मग ती उठली आणि कागद अध्यक्षांसमोर ठेवला. मिसेस ओर्तेगांनी पान वाचलं, शिक्क्यावरची तारीख वाचली. डेलचे कान लाल झाले.

“चार वर्षं गप्प का बसलात?” त्यांनी अहिल्याला विचारलं.

“माझे कागद यांच्या टेबलावर होते. आता नाहीत.”

मिसेस ओर्तेगांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. अहिल्याला ते लागलं, पण तिने मान खाली घातली नाही. “लिहून घ्या,” ती म्हणाली. “पान लिहिणारी अहिल्या निमकर. ए, एच, आय, एल, वाय, ए.”

पुढल्या महिन्यात नव्या सायफनच्या खर्चापायी पाणीपट्टी चाळीस टक्क्यांनी वाढली. “आपलंही बिल वाढलं की,” गिरीश कुरकुरला.

“मी भरते,” ती म्हणाली. इतक्या खुशीत तिने कधी बिल भरलं नव्हतं.

त्या शुक्रवारी डेल राजीनाम्याचं पत्र घेऊन आला. रिसेप्शनची बाई जेवायला गेली होती, काउंटरवर अहिल्या बसली होती. तिने पत्राची झेरॉक्स काढली, दोन्हींवर तारखेचा शिक्का मारला, सावकाश, अगदी सरळ उमटेल असा.

“ही तुमची प्रत,” ती म्हणाली. “जपून ठेवा.”